निळा

मुनीरचा कॅमेरा मी विकत घेतला तेव्हा
त्यानं अकरा वर्षं नुसत्या नवऱ्या पाहिल्या होत्या.
उदगीरच्या गल्लीतला स्टुडिओ बंद झाला,
पडद्यावरचा धबधबा भंगारात गेला
आणि कॅमेरा माझ्याकडे, चार हप्त्यांत.
आता मी त्याला घेऊन पोटावर पडतो
मुरमाच्या खाणीमागे, कुसळी गवतात,
जिथं 'मान जरा तिरपी, हं, हसा' म्हटल्यावर
कुणी ऐकत नाही.

सोमवार ते शनिवार मी तहसिलीत आवक-जावक.
कागद येतो, आकडा घेतो, जातो.
रविवारची वही वेगळी :
जागा, ऊन किती, वारा कुठून,
कोण दिसलं.
पुष्कळ पानांवर : कुणी नाही.

मे महिन्यात माळावर सरडा भेटला,
बोटाएवढा, तापल्या दगडावर दोन पायांत ताठ,
गळ्याची पिशवी उघडायचा, मिटायचा,
काळी, निळी, नारिंगी,
सबंध माळ आपलाच म्हणून सांगत होता
सातबारा नसताना.
त्याचे फोटो चांगले आले. त्याला दिसायचंच होतं.

फुरशाचा आला नाही.
दगड उचलला तर कढईत मिरची पडल्यासारखा आवाज,
आणि फोटोत माझाच अंगठा, हललेला.
नोंद केली : फुरसं एक, भित्रा एक.

पोळा होऊन गेला होता. सोयाबीन पिवळं पडत होतं.
धुरपतबाई बांधावर म्हशीसाठी गवत कापत होत्या.
"काय हुडकायलास रे लेकरा, पालथा पडून?"
नानेटी, म्हटलं.
"आगं बया, ती तर माझ्या पाटीखालून जाती रोज."

पाझराच्या ओलीत होती ती.
करंगळीएवढी जाड, हातभर लांब,
मातकट अंगावर दोन फिकट पट्टे
शेपटीपर्यंत न चुकता ओढलेले.
बेडकाच्या पिलाकडं बघत होती. विषबिष काही नाही.
मी चाळीस फोटो काढले, चाळीसही मातीवर माती.

मग मी काडी पुढं केली.
एवढंच, की तोंड इकडं व्हावं.
ती चपटी झाली, फुगली,
आणि खवल्याखवल्यामधून निळा उघडला,
दौतीच्या तळाशी वाळलेली शाई
पाण्याच्या थेंबानं जागी व्हावी तसा.
इतका वेळ तो आतच होता.
मी काडी हलवत राहिलो,
मुनीरचा कॅमेरा पहिल्यांदाच म्हणेल ते ऐकणारं काही बघत होता.

"भ्यालीय ती," धुरपतबाई मागून म्हणाल्या.
"भ्याली की आसं करती. सोड की आता."

लातुरात मोठा करून आणला, काचेत घातला.
साहेबांनी एक प्रत केबिनसाठी मागितली.
किती सुंदर, म्हणाले, रंग बघा, देवानं भरलेत.
मी चहा पीत होतो. हो म्हणालो.
तक्रारअर्जावर शिक्का मारताना
खालची सही थरथरलेली असते कधीकधी,
ती आपण वाचत नाही, तारीख वाचतो.

पुढचे तीन रविवार काडीशिवाय गेलो.
पहिल्याला पाऊस. दुसऱ्याला दिवड, लांब पाण्यात,
डोकं तेवढं वर.
तिसऱ्याला, उन्हं कलताना,
ती माझ्या कोपराच्या सावलीतून गेली,
घाई नाही, मातकट,
दोन पट्टे, मधे काही नाही.
निळा घडी घालून ठेवलेला.
बोट बटणावर होतं. उशीर केला.

धुरपतबाईंनी विळा काखेत धरून
कॅमेऱ्याच्या खिडकीत डोळा घातला.
वाकलेलं एक गवत. मागं ओली माती.
"यात कुठाय ती?"
गेली, म्हटलं.
"मग बराबर काढलायस."