पाळण्यावरचं पडवळ

आमचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही,
कार्तिकात होतं.
वहीत तारखा नसतात, तिथ्या असतात:
त्रिपुरीनंतर पहिली खाडीपलीकडची जत्रा,
मग वडाची, मग डोंगरावरच्या पाषाणाची,
आणि समोर किलो.
चाळीस. पासष्ट. नव्वद.
यंदाच्या पानावर गुळाचा एक डाग आहे,
तोही मागच्या पानावरून झिरपलेला.

खाजं तसं सोपं.
बेसनाच्या कांड्या तळायच्या,
सुंठ घातलेल्या गुळात परतायच्या
आणि पाक हाताला चटका देतो तेव्हाच
सुट्या करायच्या,
नाहीतर सगळ्यांची मिळून एक वीट होते.
अंतर ठेवायचं.
हे मला रिक्षाच्या भोंग्यावरून शिकवायची गरज नव्हती.

आदेश आला मोबाइलवर, शिक्का तिरका.
जत्रा, उरूस, आठवडा बाजार बंद.
धार्मिक विधी पाच जणांत.
दूध चालू, किराणा चालू, औषधं चालू.
खाजं कशात बसतं ते विचारायला
आमचा जयवंत मालवणात नगरपरिषदेत गेला.
खिडकीतल्या बाई म्हणाल्या, मिठाईत.
मिठाई बंद.
फरसाणात बसलं असतं तर अकरापर्यंत चालू.
त्याने विचारलं, गूळ नाही लावला तर?
बाई हसल्या असाव्यात. डोळ्यांवरून वाटलं.
मग त्यांनी खिडकी लावून घेतली.

देवळात गुरवाने कौल लावला:
बाजार भरवू काय?
पाकळी उजवीकडची पडली, एका झटक्यात.
देवीने उजवी दिली,
जिल्ह्याने डावी.
मानकरी जरा वेळ एकमेकांकडे बघत राहिले.
शेवटी म्हातारे धुरी म्हणाले,
"देवीक सांगा, यंदा तुजा राज्य गाभाऱ्यापुरता."

पतसंस्थेचा पिग्मीवाला मेस्त्री रोज यायचा.
अंगणात दोरी बांधली होती, तिच्यापलीकडे उभा राहायचा.
आज काय?
आज काही नाही.
वहीत शून्य मांडायचा, नीट, गोल,
त्यावर त्याला कमिशन नव्हतं
तरी दुसऱ्या दिवशी यायचा.

पण सांगायचं होतं ते पाळण्याचं.
मार्चात सगळं थांबलं तेव्हा
निपाणीच्या इस्माईलचा पाळणा
वडाजवळच्या मळ्यात उभा होता,
सोळा पेट्या, निळ्या-पिवळ्या.
आधी ट्रक मिळेना, मग पास मिळेना,
मग तो गावी चालत गेला आणि तिकडेच
गवंड्याच्या हाताखाली लागला.
पावसाळ्यात सत्यवती गावडेने
खांबांच्या बुडाशी बिया टोचल्या.
आयता मांडव, म्हणाली, रिकामा कित्याक ठेवू?
श्रावणात पेटी-पेटीतून पडवळं लोंबत होती,
सरळ वाढावीत म्हणून टोकाला दगड बांधलेली.
तिने ती घरोघरी विकली, पोलिसांच्या समोरून.
भाजी अत्यावश्यक.
पाळण्यावर उगवलेली असली तरी.

जत्रेच्या रात्री मी दोन किलो खाजं केलं.
हात विसरतो, दुसरं काही नाही.
वडाखाली माझ्या जागेचा दगड असेल अजून,
चुन्याची रेघ बहुतेक गेली असेल.
तिकडे काही गेले नाही.
मेस्त्रीला पाव किलो दिलं, दोरीवरून.
पैसे काढायला लागला तेव्हा म्हटलं,
राहू दे, तुझ्या शून्यांत धर.

त्याच रात्री इस्माईलचा फोन आला.
कुणीतरी त्याला पडवळांचा फोटो पाठवला होता.
मला वाटलं भांडेल, भाडं मागेल.
बराच वेळ नुसता चुलीवरच्या कढईसारखा आवाज, रेंजचा.
मग म्हणाला, भाभी,
त्या बाईंना सांगा, वेल एकाच अंगाला चढवू नका.
दोन्हीकडे सारखं वजन ठेवा.
नाहीतर बेअरिंग जाईल.