करणी

पार्शेच्या शाळेत आल्झिरा टीचरने फळ्यावर
छपरासारखी एक खूण काढली,
डावीकडे आखूड पाय, वर लांब वासा,
खाली दोन बसवला
आणि म्हणाली, ही करणी.
मागच्या बाकावरून विश्राम कुजबुजला,
"कोणी कोणावर केली?"

त्या रात्री मी पडवीत मोठ्याने घोकत होते:
करणीला सोपं रूप द्या,
छेदातली करणी काढून टाका.
कुडापलीकडे द्वारकामावशीने ऐकलं.
सकाळी नारळ घेऊन दारात हजर.
"बाय, तुका करणी काडूंक येता मगे?
आमची म्हस आठ दीस दूद दिना."

तिला काय सांगणार,
की बाराचं आणि सत्तावीसचं मूळ उकललं
तर दोन्हींच्या आत तीनच दडलेला असतो,
इथे दोन वेळा, तिथे तीन वेळा,
म्हणून त्यांची बेरीज जमते;
पण दोनाचं आणि तीनाचं मूळ शेजारी लावलं
म्हणून पाचाचं उगवत नाही.
मी म्हटलं, बघते.
नारळ आईने ठेवून घेतला.

बाबा गवंडी. चिऱ्याचं काम.
त्यांच्या हातातल्या थापीलाही करणीच म्हणतात,
हे मला जन्मापासून माहीत होतं
आणि त्या आठवड्यापर्यंत सुचलं नव्हतं.
रविवारी मांद्र्याला जेवण घेऊन गेले
तेव्हा ते न्हाणीघराच्या फरशीला
फूटभर चौरस आखत होते.
"बाबा, हा तिरका किती?"
"एकशे छत्तीस सूत."
"बरोब्बर?"
"छत्तीसला जरा कमी. पस्तीसला बरंच जास्त."
"मग नेमका किती?"
त्यांनी दोरी बोटाभोवती गुंडाळली, परत सोडली.
"नेमका आहे तो. हा काय, समोर आहे.
माझ्या पट्टीवर नाही."

मग टीचर म्हणाली, घात अर्धाही असतो.
आमच्या घरात घात म्हणजे पुतूकाका,
ज्याने भाटाच्या कागदावर एकट्याने सही केली.
तो पुरा होता, अर्धा नव्हता.
पण वहीत अर्धा घात म्हणजे नुसतं मूळ,
ज्याला स्वतःनेच गुणलं
की गेलेली संख्या परत येते.
आठाचा दोन-तृतीयांश घात:
आधी घनमूळ काढ, मग वर्ग कर,
नाहीतर आधी वर्ग कर, मग घनमूळ,
तळ्याकडून जा की देवळाकडून, चारावरच पोचतेस.
मला हे फार आवडलं.
घरी कोणाला सांगायचं ते कळेना.

आणि छेदात दोन मुळं अडकलेली,
तीनाच्यातून दोनाचं वजा.
टीचर म्हणाली, त्यांचंच जोडीदार रूप आणा,
माणसं तीच, मधली खूण फक्त उलटी,
वर गुणा, खाली गुणा.
खाली एक उरला.
मी तीनदा ताळा पाहिला. एकच.

मे महिन्यात पुतूकाका अंगणात येऊन उभा राहिला.
त्याच्या नव्या खोलीचा कोपरा जुळत नव्हता.
बाबांनी दोरी घेतली, गुण्या घेतला,
वाटेत दोघांतलं कोणी बोललं नाही म्हणतात.
संध्याकाळी आईने विचारलं, किती घेतलेत?
"एक चहा."

म्हैस, नवव्या दिवशी, आपसूक पान्हावली होती.
तेव्हापासून द्वारकामावशी गावभर सांगते
शाणू गवंड्याच्या पोरीला करणी उतरवता येते,
आणि मी नाकारणं सोडून दिलंय.

परीक्षेत आलंच: बाजू शहाण्णव, कर्ण काढा.
हात आपोआप एकशे छत्तीस लिहून गेला.
खोडलं.
शहाण्णव लिहिले, शेजारी आखूड पाय,
वर लांब वासा,
आणि दोनाला आत घेतलं.