जोवर, तोवर

ताक्वारेंबोच्या शाळेत जुलै म्हणजे ऐन थंडी.
सहा नंबरच्या वर्गात गॅसची शेगडी एक, मुलं एकोणतीस,
आणि टेबलं भिंतीला लावून मोकळ्या केलेल्या फरशीवर
चार यंत्रं, प्रत्येकी दोन चाकं,
पाठीवर दोरीने बांधलेली बॅटरी.

मी फळ्यावर चौकोन काढला.
पुढे जा, वळ. पुढे जा, वळ.
आठ ओळी कशाला लिहायच्या?
हा नारिंगी ठोकळा घ्या,
त्याच्या पोटात दोनच ओळी ठेवा,
वर आकडा टाका, चार.
ठोकळ्यावर आमच्या भाषेत लिहिलेलं असतं, रेपेतिर.
पुन्हा कर.

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.
का, ते मला उशिरा कळलं.
त्याच वर्गात दुसऱ्यांदा बसलेल्यालाही आम्ही हेच क्रियापद लावतो.
नापास म्हणत नाही, रेपेतिदोर म्हणतो,
पुन्हा करणारा,
जणू त्याने ते हौसेने केलं.
दार्दो सिल्वेइरा खिडकीबाहेर बघत होता.

हिमेनाचं यंत्र निघालं. चार बाजू, चार वळणं,
आणि शेवटचं टोक पहिल्याला भेटेना,
मध्ये वीतभर फट.
नाहुएलचंही तेच. त्याने आठ केले, बारा केले,
चौकोन फिरत फिरत दाराकडे सरकत गेला,
दर वेळी ये रे माझ्या मागल्या.
मी चाकं पुसली.
नव्वदचे एक्क्याण्णव केले.

दार्दोने ठोकळ्याला हातच लावला नव्हता.
आठ ओळी, सगळ्या सुट्या,
आणि चार वळणांना चार वेगळे आकडे.
पालथ्या घड्यावर पाणी, असं मी मनात म्हटलं,
चेहऱ्यावर उमटलंच असणार.
त्याने बटण दाबलं.
चौकोन मिटला,
डबीचं झाकण बसावं तसा.

"जमीन दाराकडे उतरते, प्रोफे.
गेल्या वर्षी मी इथेच बसायचो.
पेन्सिल पडली की तिकडेच जायची.
ठोकळ्याला ते कुठे माहीत?
तो एकदा चुकला की चारदा तसाच चुकतो."

मी शेगडीची ज्योत उगाच कमीजास्त केली.
गेल्या डिसेंबरात, शिक्षकांच्या बैठकीत,
एक नाव, एक मिनिट, पुढचं नाव.
बाहेर शेवटची बस उभी होती.
त्याच्या नावाला वर झालेल्या हातांत
एक माझा होता.

गुरुवारी मी दुसरा ठोकळा दाखवला.
याच्यावर आकडा नसतो, अट असते.
जोवर काळी पट्टी दिसत नाही
तोवर वळत राहा.
किती, ते आधी कुणी सांगत नाही,
जमीन उतरती असो, चाक झिजलेलं असो,
बघत बघत वळायचं.

दार्दोने पहिल्यांदा वही उघडली.
"आणि पट्टी दिसलीच नाही तर?"
"तर बॅटरी संपेपर्यंत."
"कुणी थांबवत नाही?"
याचं उत्तर पुस्तकात आहे, पान चौतीस,
एक छोटी चौकट.
मी ते वाचून दाखवलं नाही.

मग यंत्र सोडलं.
पहिला कोपरा, दुसरा, तिसरा.
चौथ्याची पट्टी सकाळी एल्विराच्या पोछ्याबरोबर गेली होती.
यंत्र जागच्या जागी फिरू लागलं,
मुलं मोठ्याने मोजू लागली,
नऊ, दहा, अकरा,
सतराव्या फेरीला मोजणं बंद झालं,
नुसती मोटरची घरघर.
मी बंद करायला वाकले, तेवढ्यात
बाकाखालून एक पाय पुढे आला,
काळा बूट, पुढून उसवलेला,
बरोबर यंत्राच्या डोळ्यासमोर.

यंत्र थांबलं.
त्याने पाय काढला नाही.