किक

सहा वर्षांत सत्तावीस गाणी.
ऐकणारे अकराच,
त्यांत दोन मावसभाऊ
आणि राहिलेल्या पैशांसाठी थांबलेला साउंडवाला.

अठ्ठाविसावं दांडिया बाजारातल्या खोलीत सुचलं,
गॅस संपला होता, चहा अर्धकच्चा.
बाबांच्या स्कूटरचं गाणं:
तीनदा किक मारली, जाग आली नाही.

परवा कीर्तिस्तंभापाशी
सेवउसळवाला तर्री ओतता ओतता
तेच गुणगुणत होता.
माणूस गुजराती, ओळ मराठी,
आणि किकच्या जागी हाक.
तीनदा हाक मारली, जाग आली नाही.

कुणाचं गाणं, काका?
“कोने खबर, बेन. मोढे चडी गयुं छे.”

मी नाव सांगितलं नाही.
आणखी एक पाव मागून घेतला.
घरी येऊन वहीतली किक खोडली.