लाकडाची गोधडी

तुर्भ्याहून आणलेला प्लाय, चार बाय चार.
सँडपेपर मारता मारता मनगट भरून आलं.
पेन्सिलीनं घरं आखली, टेप लावली.
होडीचा उरलेला निळा आधी,
मग पिवळा.
लाल पुरला नाही,
एक त्रिकोण तसाच राहिला.

पदूबाईच्या गोधडीतही होता असा एक.
लाल लुगडं संपल्यावर तिनं
नवऱ्याच्या बनियनचा तुकडा लावलेला,
आणि नेमकं तिथंच
डोकं टेकून झोपायची.

मी प्रायमरचा पांढरा तसाच ठेवला.

दिवाळ्याच्या जेटीवर, जाळ्यांच्या शेडला
चार स्क्रूंनी आवळली.
मोतीराम दोर गुंडाळत वर बघून म्हणाला,
"ही कोन पांघरनार?"
शेड, म्हटलं.
बोटी गेल्या की थंडी तिलाच वाजते.

कोपऱ्यातली टेप काढायची राहिलीय.