तिसरा गिअर

कामठीच्या लिलावात किलोच्या भावानं घेतला,
शक्तिमान, सहातलं एक चाक बेपत्ता,
बॅटरीच्या खोक्यात मुंगसाचं बिऱ्हाड.
वाडीच्या शेडपर्यंत ओढत आणला तेव्हा
क्रेनवाला म्हणाला, "काहून भाऊ, लढाईबिढाई हाय का?"

तीन उन्हाळे गेले.
मे महिन्यात दुपारी पाना हातात धरवत नाही,
म्हणून मडावी सर आणि मी पहाटे चारलाच भिडायचो.
बोटांना रॉकेल, त्यावर तर्रीचा वास.
घासत गेलो तर हिरव्याखाली रेतीचा रंग निघाला,
रेतीखाली पुन्हा हिरवा.
कुठं कुठं जाऊन आला, विचारून काय उपयोग?
लोखंड पोटातलं ओठावर आणत नाही.

फक्त डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला
खिळ्यानं कोरलेलं होतं:
"तीसरा रूठता है, प्यार से डालना."
नाव नाही, नंबर नाही.

काल इंजिन आधी खोकलं, मग बोललं.
अमरावती रोडला दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना
कर्रर्र.
सर म्हणाले, गिअरबॉक्स उघडू,
दिवसभराचं काम.
राहू द्या, म्हटलं.

क्लच दाबला, सोडला,
न्यूट्रलला जरा थांबलो, पुन्हा दाबला,
आणि रुसलेल्यापुढं ताट सरकवावं
तसा दांडा सरकवला.

बसला.