नमुना

सातच्या फेरीबोटीत, दिवाडीहून,
माझ्या मांडीवर थर्माकोलचा डबा,
डब्यात बर्फ, बर्फात बरणी,
बरणीत आज पहाटेचा मी.

शेजारी आग्नेल पोदेर, टोपली रिकामी.
"कितें रे, नुस्तें?"
नाही म्हटलं. बांबोळीला द्यायचंय, तपासायला.
तो जरा सरकला. मग पुन्हा जवळ आला.

डॉक्टर केंकरेबाई म्हणाल्या होत्या,
आतड्यात वस्ती असते, कोट्यवधींची.
तुमची साखर दोनशे ऐंशी, वजन ब्याण्णव,
यात त्यांचाही हात असेल.
असेल, म्हणाल्या.
त्यांनी साखर बिघडवली की साखरेनं त्यांना,
ते अजून कुणालाच नीट ठाऊक नाही.

मला वाटायचं, मी एकटाच जेवतो.
सुमती गेल्यापासून तर नक्कीच.
पाव, फरसाण, चहात बुडवून बिस्किटं,
सगळं वरच्या वरच विरघळणारं.
खाली काही पोचतच नव्हतं,
ना कोंडा, ना साल, ना कुळीथ.
फार उपाशी ठेवलं तर म्हणे ही मंडळी
घराची भिंतच खरवडून खातात.

आग्नेल म्हणाला, पाय्‌च्या वेळी
पीठ माडाच्या सुरेनं फुगायचं.
रात्री भांड्याला कान लावला तर बोलायचं.
आता पुडीतलं यीस्ट.
फुगतं, बोलत नाही.

धक्का लागला. साखळ्या खडखडल्या.
स्वतःच्या पोटाला कान लावता येत नाही,
मी नुसता हात ठेवला.

बांबोळीला फॉर्मवर एक रकाना होता :
घरात माणसं किती?
एक लिहिलं,
आणि पेन तसंच धरून बसलो.